न चाललेले टायर

“…पर धरंल न्हवं, माई?”

आत्मारामने प्रश्न दारातूनच टाकला. छत्री मिटायची राहिली होती, चपला काढायच्या राहिल्या होत्या, आणि प्रश्न मात्र आधीच आत जाऊन बसला होता.

यसूमाई धुनीपुढे होत्या. लाकडं ओली, पेट घेईनात. त्यांनी फुंकर घातली, धूर डोळ्यांत गेला, पदरानं डोळे पुसले.

“काय धरंल?”

“टायर.”

“कशाला?”

“रस्त्याला, माई. आनी कशाला?”

“मग रस्त्याला इचार जा. मी काय रस्ता हाय?”

आत्मारामने छत्री मिटली, चपला काढल्या. बाहेर पाऊस एकसारखा कोसळत होता. पत्र्यावर असा आवाज, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं.

यसूमाईंचा मठ घाटाच्या अगदी तोंडाशी. मठ म्हणजे काय, एक धुनी, एक पडवी आणि वर पत्रा. मठापुढून रस्ता जो खाली वळतो तो थेट कोकणात उतरतो. या भागातल्या गाडीवाल्यांचा एक रिवाज आहे. नवे टायर चढवले की घाट उतरायच्या आधी इथं थांबायचं. माई धुनीतली राख अंगठ्यावर घेऊन चारी टायरांवर एकेक रेघ ओढतात. मग चाकाखाली लिंबू, आणि गाडी खाली. आत्माराम होडगे हा या रिवाजाचा पक्का माणूस. घाटात त्याच्याइतकी गाडी कुणी चालवली नाही असं लोक म्हणत, आणि लोक म्हणायचे थांबले की तो स्वतः म्हणे. गाडीच्या मागच्या काचेवर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: घाटाचा राजा.

आज राजाच्या कपाळावर पाऊस होता की घाम, ते सांगता येत नव्हतं.

“अंगारा लावा माई. उद्या सकाळी रेश्माला खाली न्यायचंय.”

रेश्मा त्याची एकुलती एक लेक. पहिलंच बाळंतपण. पोटात मूल आडवं आहे, इथं जमणार नाही, उद्या दुपारच्या आत खालच्या मोठ्या दवाखान्यात आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

“ॲम्ब्युलन्स?”

“जावई म्हनत हुता.” आत्मारामने नाक उडवलं. “माझ्या लेकीला त्या घाटातनं दुसऱ्या कुनाच्या हातात दिऊ? मी जित्ता असताना?”

माईंनी त्याच्याकडे पाहिलं. राखेचं भांडं उचललं आणि पावसातच बाहेर पडल्या. छत्री त्यांनी कधी वापरली नव्हती. आत्माराम छत्री धरून मागून धावला, पण म्हातारी त्याच्यापुढे गाडीपाशी पोचलीसुद्धा.

गाडीचं पुढचं अंग पडवीच्या पत्र्याखाली होतं, मागचं पावसात. टायर काळेभोर. खाचा खोल. नक्षी अशी ताजी, की आजच कारखान्यातून आणलेत.

“बघा,” आत्माराम म्हणाला. आवाजात थोडी तरतरी आली. “मोठ्या कंपनीचं. काटं बघा, काटं! आपल्या खोतांची मुंबईची गाडी न्हाई का? शेडात ताडपत्रीखाली उभी असायची. म्हातारा गनपतीला यायचा, तवा एक चक्कर. म्हातारा गेला, पोरानं गाडी भंगारात घातली. टायर मी उचललं. चाललंच न्हाईत, माई! कोरं करकरीत म्हना की.”

“आनी बशीर?”

आत्मारामचा चेहरा उतरला. बाजारात टायरचं दुकान बशीरभाईचं, आणि या दोघांचं काय बोलणं झालं ते माईंना कसं कळलं, कोण जाणे. गावात काय, ओल्या लाकडाचा धूर लपतो का.

“त्याच पैशात नवं दितो म्हनाला. कुठल्या तरी कंपनीचं. नाव कुनी ऐकल्यालं न्हाई.”

“काय सांगितलं त्यानं?”

“…मऊ हाय म्हनाला. लौकर झिजंल. पर खाचा रुंद हैत, पानी भाईर फेकतंय, वल्या रस्त्याला चिकटून चालंल. नाव न्हाई म्हनून परवडतंय, म्हनाला. माल खोटा न्हाई.”

“मग?”

“मग काय माई! स्टँडवर पोरं हसतील की मला. आत्मारामच्या गाडीला असलं टायर?”

माईंनी राखेचं भांडं खाली ठेवलं. वाकल्या. पुढच्या टायरवर हात ठेवला, आणि अंगठ्याचं नख रबरात दाबलं. नख वळलं. रबर ढिम्म.

मग त्यांनी खाचेच्या कडेनं बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. तिथं बारीक चिरा होत्या, केसासारख्या, एकीला लागून एक.

माईंनी आपला अनवाणी पाय वर करून भेगाळलेली टाच पाहिली. पुन्हा टायर पाहिला.

“आत्मा, माझी टाच नि ह्यो टायर… एका वयाचं दिसत्यात रं.”

“तसं काय नसतंय माई.” पण तो हे म्हणाला तेव्हा टायरकडे बघत नव्हता.

“मला टायरातलं काय कळतंय? मी आपली बघितलं ते बोलले. तुला कळतंय. तूच सांग. हे टायर दुसऱ्या कुनाच्या गाडीला असतं, तर तू त्याला काय म्हनाला असतास?”

आत्मारामने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

गेल्याच पावसाळ्यात स्टँडवर त्यानं एका नवख्या पोराला शिव्या घातल्या होत्या. उभं राहून राहून रबराचा दगड होतो रे गाढवा, उन्हात तुला कळणार नाही, पाण्यात कळेल. चार जण ऐकत होते, आणि आत्माराम तावात होता. शहाणपण दुसऱ्याला सांगायचं असलं की माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं.

“राख लावा माई,” तो हळूच म्हणाला. “तुमचा हात लागला की धरंल.”

माई आता गाडीच्या पुढच्या अंगाला गेल्या होत्या. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर चिखल थापला होता. बाकी गाडी धुतलेली, आणि तेवढ्याच जागी चिखल. माईंनी पदराच्या टोकानं तो पुसला. खाली पिवळ्या रंगाचा ओरखडा निघाला.

घाटातल्या कठड्यांना पिवळा रंग असतो. हे त्या दोघांनाही माहीत होतं.

“कवा?”

पाऊस पत्र्यावर बडवत राहिला.

“काल,” आत्माराम म्हणाला. पुन्हा म्हणाला, “काल. रिकामी गाडी घिऊन, अंगाऱ्याबिगरच, बघायला गेलतो. झऱ्याच्या वळनावर ब्रेक दाबला. सावकाश हुतो माई, शपथ! लई सावकाश. चाक थांबलं… गाडी थांबली न्हाई. सरळ गेली. जशी काय तेलावरनं. कठड्यापाशी जाऊन टेकली.”

“कठड्याच्या पल्याड काय हाय?”

“काय न्हाई.”

“कुनाला सांगितलंस?”

“…न्हाई.”

“लेकीला?”

त्यानं मान हलवली. मग एकदम त्याचा बांध फुटला. “कसं सांगू? ती म्हनती, बाबा तू हाईस तर मला कसली भीती? हसत म्हनती! रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई. पडल्या पडल्या पाय आपोआप ब्रेक दाबतोय माझा. म्हनून आलो. भीती काढा एवढी. राख लावा, तुमचा शब्द द्या, मी नेतो. कवा चुकलोय मी आजवर?”

माईंनी राखेचं भांडं तसंच खाली राहू दिलं.

त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. आत बसल्या. ओला पदर पिळला, पाय वर घेतले, मांडी घातली.

“चल.”

“कुठं?”

“खाली. घाट उतरूया. लई दीस झालं, खालच्या देवीला गेले न्हाई.”

आत्मारामच्या हातातली छत्री कलली. पावसाची धार त्याच्या मानेवर पडत होती, पण त्याला ते कळत नव्हतं.

“आज?”

“आज.”

“आज नको माई. केवढा पाऊस लागलाय.”

“उद्या ऊन पडनार हाय?”

“न्हाई, पर… धुकं उतरलंय. झऱ्याचं पानी रस्त्यावर आलं असंल.”

“उद्या आटनार हाय ते?”

“माई, उतरा. पाया पडतो. तुमाला घिऊन मी जानार न्हाई ह्या टायरांवर. तुमचं काय बरंवाईट झालं तर मी जगाला…”

तो थांबला.

माई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. उद्या त्याच जागेवर रेश्मा बसणार होती, एक हात पोटावर आणि एक हात पुढच्या सीटला धरून.

आत्मारामने ती जागा पाहिली. बराच वेळ पाहिली. मग तो गाडीच्या कडेनं खाली बसला. चिखलातच. एवढा मोठा बाप्या माणूस, चाकाला पाठ टेकून, डोकं गुडघ्यांत घालून बसला.

माईंनी त्याला उठवलं नाही. समजावलं नाही. आमच्यासारखी कुणी असती तर चार शब्द सुनावले असते. त्या नुसत्या बसून राहिल्या.

काही वेळानं तो उठला. पँटला लागलेला चिखल झाडायचं भानही त्याला राहिलं नव्हतं.

“बशीरभाईचं दुकान उघडं असंल अजून,” तो म्हणाला. “बाजारापतूर रस्ता सपाट हाय. सावकाश जातो. आजच चारी बदलून घेतो. हसू देत स्टँडवर.”

त्यानं छत्री मिटली.

“नि त्याच्याकडचं इकून गेलं असलं तर…” मागच्या काचेवरच्या मोठ्या अक्षरांकडे त्याची नजर गेली. “तर जावयाला सांगतो. ॲम्ब्युलन्स बोलव म्हनून. मी मागं बसंन, लेकीजवळ.”

हे शेवटचं वाक्य बोलायला त्याला फार कष्ट पडले. पण बोलला.

“उतरा माई. मी जाऊन येतो.”

माई उतरल्या नाहीत. उलट त्यांनी दार आतून ओढून घेतलं.

आत्माराम नाइलाजानं पुढं बसला. किल्ली फिरवली. वायपर सुरू झाले. गाडी घाटाकडे पाठ करून बाजाराच्या रस्त्याला लागायची होती, सगळा सपाट रस्ता, शेंबड्या पोरानंही गाडी हाकावी असा. पण त्याचा पाय क्लचवरून हलेना. स्टेअरिंगवरचे हात थरथरत होते. त्यानं ते घट्ट आवळले, तर थरथर वर दंडांत चढली.

“माई…”

“काय?”

“नवं टायर घातलं, तरी धरंल न्हवं? नक्की? तेवढं सांगा.”

मागं माई ओला पदर सारखा करत होत्या.

“भीती गेली न्हाई माई. वाढली उलट. हात बघा कसं कापत्यात.”

“कवापासनं चालवतोस गाडी?”

“मिसरूड फुटायच्या आधीपासनं.”

“कवा कापलं हुतं का हात?”

आत्मारामने आठवून पाहिलं. सगळे पावसाळे, सगळी वळणं, मागं बसलेली सगळी माणसं.

“न्हाई,” तो म्हणाला. “कवाच न्हाई.”

माईंनी पाठ सीटला टेकली आणि डोळे मिटून घेतले.

“हां… आता भ्यालास, आता जपशील. मग आता चालव.”