निळी अळंबी आणि कुलूपबंद विहिरी

एका राज्यात विहिरींना कुलपे होती.

राजा भद्रकेतू आणि त्याचा धाकटा भाऊ पुष्कर होडीतून जात असता त्यांच्या गलबल्याने काठावर ध्यानाला बसलेल्या एका मांत्रिकाची समाधी मोडली. त्याने लाट उठवून होडी उलटवली. भाऊ बुडाला. काठाला लागलेल्या राजाला मांत्रिकाने शाप दिला, "पाण्याचा आवाज कानी पडेल तेव्हा हीच लाट तुझ्यावर उठेल."

तेव्हापासून घागर बुडबुडली तरी राजा किंचाळत पलंगाखाली शिरे. दरबारातल्या वडीलधाऱ्यांना एकच उपाय ठाऊक होता, झाकणे. त्यांनी विहिरी झाकल्या, कारंजी बुजवली, पुष्करचे नाव घ्यायलाही बंदी केली. राज्य तहानले, राजा एका बंद खोलीपुरता उरला आणि वडीलधारे आपल्या शहाणपणावर खूश राहिले.

राजकन्या वज्रा मात्र शापावर उतारा शोधत काळ्या डोंगरावर गेली. तिथे खाणाऱ्याला त्याची भीती समोर दाखवणारी निळी अळंबी उगवे आणि तिची राखण एक भारद्वाज करी.

"अळंबी मिळेल," पक्षी म्हणाला. "पण खुडताना थरथरू नकोस. फसवून कोणाला खाऊ घालू नकोस. आणि खाणाऱ्याचा हात सोडू नकोस."

"एवढंच?"

"तिसरे काम करताना हे 'एवढंच' आठव."

कड्याच्या टोकाशी वाकून तिने स्थिर हाताने अळंबी खुडली आणि ती घेऊन राजाच्या बंद खोलीत आली.

"आबासाहेब, हिने लाट पुन्हा दिसेल. खाल?"

राजाने तिचा हात धरला. "तू जवळ बसशील?"

"हलले तर वज्रा नाव लावणार नाही."

प्रधान धावत आला. "पोरी, हे विष आहे! आमचे केस काय उन्हात पिकले?"

"नाही, प्रधानकाका. सावलीत पिकले. याच बंद खोलीच्या."

राजाने अळंबी खाल्ली. भिंती विरघळल्या, छताएवढी लाट उठली. राजा ओरडला. वडीलधारे सवयीने चादर घेऊन त्याला झाकायला धावले. त्यांना अडवायला वज्रेने एका हाताने तलवार उपसली. दुसरा हात राजाच्या मुठीत चिरडत होता.

"पळू नका, आबासाहेब. लाटेत कोण आहे, बघा."

राजाने पाहिले. पुष्कर होता. बुडताना त्यानेच राजाला काठाकडे ढकलले होते आणि हसून म्हटले होते, "दादा, राज्य सांभाळ." भीतीने नेमके तेवढेच गिळले होते.

"पुष्करा!" राजाने हाक मारली. लाट खाली बसली. शाप तुटला. आठवण गेली नाही, तिचे दात पडले.

सकाळी राजाने स्वतः पहिल्या विहिरीचे कुलूप काढले. घागर बुडबुडली, राजा ताठ उभा राहिला. मग त्याने दोर प्रधानाच्या हाती दिला.

"ओढा, प्रधानजी. लोक तहानलेले आहेत."

त्या विहिरीला पुष्करचे नाव मिळाले. आणि वज्रेच्या हातावर राजाच्या बोटांचे निळे वळ उमटले होते, ते तिने कंकणासारखे मिरवले.