मंत्राचं कुलूप

"मंत्र कुणाला दिलास?"

आऊनं मान वर न करता विचारलं. ती ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

हौसा समोर उभी होती. "मंत्र फुटला, आऊ," एवढंच कसंबसं बोलली होती. गळ्यातली तुळशीची माळ काढून तिनं मुठीत धरली होती. चोरलेला गूळ पोरानं लपवावा, तशी ती मूठ.

"बोल की. कुणाला दिलास?"

"नाव न्हाई म्हायती."

"मंत्र दिलास, आन नाव न्हाई विचारलंस?"

हौसा पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरू लागली.

"जमीन कालच सारवलीय," आऊ म्हणाली. "तिचा काय दोष?"

…

टेकडीवरचा हा मठ लहानसाच. समाधी, चूल, निजायला खोली आणि पिंपळाला बांधलेला भोंगा. दाराला कुलूप नाही, कुत्रं शिरू नये म्हणून कडी तेवढी. आऊला सगळे 'तू'च म्हणतात, देवाला म्हणतात तसं. आऊही सगळ्यांना तूच म्हणते. मामलेदार आला तरी तूच.

मंत्र देताना आऊ आपला पदर दोघांच्या डोक्यावरून घेते आणि कानात सांगते. तो आईला सांगायचा नाही, धन्याला नाही, मरताना पोटच्या पोराला नाही. ज्याचा मंत्र फुटला त्यानं माळ आऊच्या पुढ्यात ठेवायची आणि टेकडी उतरायची. मागं वळून बघायचं नाही.

हौसाला उतरून जायला जागा नव्हती. नवऱ्यानं टाकलेली बाई. गावात तिला हौसा म्हणणारे थोडे, 'ती टाकलेली' म्हणणारे फार. भावाच्या दारात भाकरी मिळाली असती, तोंडी लावायला भावजयीचे टोमणे.

म्हणून ती उभी होती. माळ ठेवत नव्हती, आणि गळ्यातही घालत नव्हती.

…

"त्या डब्याचंच काहीतरी हाय न्हवं?" आऊनं विचारलं.

डबा म्हणजे लॅपटॉप.

आऊचा गळा गेल्या हिवाळ्यापासून बसत चालला होता. तो पुरता जायच्या आत पुण्याहून नंदिता आली. तिची आई आऊची माळकरीण. नंदितानं आऊला समोर बसवून भजनं त्या डब्यात भरून घेतली, डब्याची तार भोंग्याला जोडून दिली आणि हौसाला शिकवलं. कसा उघडायचा, कसा मिटायचा, ओल्या हातानं शिवायचं नाही, झाकणाला हळदकुंकू लावायचं नाही.

"का गं?" हौसानं विचारलं होतं. "नवी वस्तू हाय."

"मावशी, कुंकू बटणांत जातं."

मग नंदितानं सांगितलं, आता ह्याला एक गुप्त शब्द द्यायचा. नाव नको, गाव नको, जन्मतारीख नको. जे जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही असं काहीतरी. आणि ते कुणालाच सांगायचं नाही, "अगदी मला पण नाही."

हौसानं विचार केला. जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही असं आपल्याजवळ आहेच काय? एवढा जन्म गेला, आपलं म्हणून एकच तर मिळालं.

नंदिताला तिनं तोंड फिरवायला लावलं आणि इंग्रजी अक्षरं बोटानं एकेक शोधत मंत्र टाकला.

जाताना नंदितानं अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह दिला. "भजनांची एक प्रत ह्यात ठेव, मावशी. डबा बिघडला तर हे हाताशी असेल." हौसानं तो मनापासून जपला. देव्हाऱ्यात ठेवला, रोज अक्षता वाहिल्या. त्यात काही भरायचं असतं, हे मात्र तिच्या डोक्यातून पार गेलं.

चौथी पास बाई म्हणजे काही दगड नव्हे. महिन्याभरात हौसा असा डबा चालवू लागली की बघणाऱ्यानं बघतच राहावं. तिन्हीसांजेला भोंग्यातून आऊचा गळा निघायचा आणि खालच्या आळीत बाया हातातली लाटणी थांबवायच्या. हौसा डब्यापुढं ताठ बसायची. कुणी पोर जवळ आलं की म्हणायची, "लांब हो. शिकल्याशिवाय हात लावायचा नसतो."

टाकलेल्या बाईला मान मिळाला की तो पचायला वेळ लागतो. त्यात तिची काय चूक? पण फसायला तेवढं पुरतं.

…

"भजनात खरखर येत हुती, आऊ," हौसा म्हणाली. "म्हटलं, काढून टाकू. हुडकलं तर एक हिरवं बटण आलं. फुकट खरखर काढा, असं. दाबलं."

"फुकट."

"व्हय… आन सगळा पडदा लाल झाला. किंचाळाय लागला डबा. तुमच्या लॅपटॉपला रोग झालाय, बंद करू नका, ह्या नंबरला फोन करा. मला वाटलं, भजनं गेली. तुझा गळा गेला, आऊ."

"आन तू फोन केलास."

"म्याच केला."

आऊनं एक खडा बोटांत धरून अंगणात फेकला.

"पुढं?"

"त्यो म्हणाला, हे उतरवून घ्या. घेतलं. हितला आकडा वाचा. वाचला. मग डब्यातला बाण आपला आपणच चालाय लागला. मी हात मांडीवर घेऊन बसले. परक्या माणसानं आपल्या चुलीत हात घालावा, आन आपण बघत बसावं, तसं. शेवटाला म्हणाला, पासवर्ड सांगा."

"आन सांगितलास."

"एकेक अक्षर." हौसाचा आवाज फाटला. "त्यानं परत म्हणून दाखवला. बरोबर हाय का, विचारलं. मी म्हटलं, बरोबर हाय."

…

वाऱ्यानं पिंपळाची पानं वाजली.

"आता मंत्र घातला तरी डबा उघडत न्हाई," हौसा म्हणाली. "चूक हाय, म्हणतो. आऊ, तू दिलेल्या मंत्राला त्यो चूक म्हणतो."

आऊ हसली. घशातून नुसती हवा निघाली.

"आन तुझ्याजवळचा मंत्र? त्यो ऱ्हायला का गेला?"

"ऱ्हायलाय. पण त्याच्याजवळ बी गेला की."

"जपू दे त्याला. जपला तर सुधारंल."

हौसाला हसू आलं नाही. तिनं खाली बसून मूठ उघडली आणि माळ सुपाशेजारी ठेवली.

"घाई करू नगंस," आऊ म्हणाली. "भ्यालीस म्हणून सांगितलास?"

"व्हय."

"आणि?"

"आणि काय? भजनं जातील, ह्या भ्यानं."

"आणि? हौसा, घरात विस्तू पडला तरी बाई भिते. पण भ्यालेली बाई बोंबलते, शेजाऱ्याला हाक मारती. तू कुणाला हाक मारलीस? नंदीला फोन केलास?"

"न्हाई."

"तवा न्हाई, ठीक. मागनं तरी?"

"न्हाई. ती काय म्हणंल?"

"काल भजन का लागलं न्हाई म्हणून खालची सुंदरा विचाराय आली हुती. तिला काय सांगितलंस?"

हौसाची मान आणखी खाली गेली. "वीज न्हवती म्हणून."

"सुंदराच्या घरात दिवा जळत हुता की. भ्यालेली बाई अशी लपत न्हाई. आणि काय केलं त्यानं?"

हौसानं डोळे पुसले. मंत्र फुटला हे सांगण्यापेक्षा हे सांगणं जड होतं.

"त्यानं मला… तुम्ही म्हटलं."

आऊचे हात सुपात थांबले.

"मॅडम म्हटलं. मॅडम, तुम्ही अजिबात घाबरू नका. मॅडम, तुमच्या वयाच्या बायकांना हे जमत नाही, तुम्ही किती हुशार आहात. आऊ, मला जन्मात कुणी मॅडम म्हटलं न्हवतं. आवाज बी कसा… सायीवानी. मला एकदा वाटलं बी, हे काय बरं न्हवं. नंदी म्हणाली हुती, कुणाला सांगू नको. पण न्हाई म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई अडाणी दिसती."

ती दोन्ही तळहातांत तोंड घालून रडली. मंत्रासाठी रडली नव्हती, तशी रडली.

आऊ तिला उगी कर म्हणाली नाही. पाठीवरून हात फिरवला नाही. बसून राहिली.

…

रडणं ओसरल्यावर आऊ बोलली.

"तुझ्या आधी अशीच नाडलेली माणसं ह्या ओट्यावर येऊन गेली. लाल पडदा, गोड आवाज. समदं असंच."

हौसानं तोंड वर केलं. "आपल्या गावची?"

"नावं इचारू नगंस. शिकलेली हायेत. एकाला त्यो साहेब म्हणाला. एकीला ताई म्हणाला, तिला सख्खा भाऊ न्हाई."

"कवा?"

"शिमग्यापासनं."

हौसाच्या डोळ्यांत पाण्याऐवजी आता जाळ आला. "मग मला का न्हाई सांगितलंस? मी तुझ्या म्होरं रोज डबा उघडत हुते! कुणी एकानं तोंड उघडलं असतं तर मी फोन केला असता का? कशी माणसं ही! आपलं झाकून ठिवलं आन दुसऱ्याला खड्ड्यात जाऊ दिलं!"

"व्हय," आऊ म्हणाली.

"लाजा वाटत न्हाईत?"

"लई वाटत्यात. म्हणून तर कुणी बोललं न्हाई. पायाला हात लावून समदी म्हणाली, आऊ, हे कुणाला कळू देऊ नगंस. आन मी न्हाई कळू दिलं. नाव न घेता सांगता आलं असतं मला. न्हाई सांगितलं. म्हटलं, आपलं तोंड बंद ते पवित्र."

हौसा काही बोलणार होती. तिला आठवलं, आपण सुंदराला काय सांगितलं ते. सुंदराचा सातवीतला नातू शाळेसाठी असाच एक डबा घेऊन बसतो, हेही आठवलं.

आऊनं मान वाकवली. गळ्यातली माळ काढली. पन्नास वर्षांत ती कुणी काढलेली बघितली नव्हती. मणी झिजून जोंधळ्याएवढे झाले होते. आऊनं ती सुपाशेजारी, हौसाच्या माळेला लागून ठेवली.

"आऊ! हे काय करतीस?"

"तुझी माळ का काढलीस?"

"जे सांगू नये ते सांगितलं म्हणून."

"माझी का काढली?"

हौसाला उत्तर आलं. पण गुरूच्या तोंडावर ते द्यायचं कसं?

…

खाली आळीत चुली पेटल्या. धूर टेकडीच्या कडेनं वर यायला लागला. ही भजनाची वेळ. कुणीतरी अंगणातून हाक दिली, "हौसाक्का, आज तरी लावणार का?"

सुंदराच होती.

हौसा चटकन उठली आणि खोलीच्या आडोशाला गेली. डबा तिथंच होता, चौरंगावर, शालीत गुंडाळलेला. देव्हाऱ्यात तो पेनड्राइव्ह, कुंकवानं लाल झालेला, आतून रिकामा. आऊचा गळा आता कुठेच उरला नव्हता. ना डब्यात, ना आऊच्या गळ्यात.

ती परत आली तेव्हा आऊ ओट्यावर नव्हती. पिंपळाखाली, भोंग्याच्या पेटीपाशी काठी टेकून उभी होती. गळा बसल्यापासून जो माईक खुंटीला टांगला होता, तो तिनं खाली काढला होता. फडक्यानं त्याच्यावरची धूळ पुसत होती.

"नंदीला फोन लाव," आऊ म्हणाली. "आजच्या आज. तिला समदं सांग. डब्याचं ती बघंल."

"लावते."

"पण ते मागनं."

तिनं पेटीचं बटण दाबलं. भोंगा घरघरला. खालच्या आळीतली भांडी वाजायची थांबली. दोन दिवसांनी भोंगा बोलणार, म्हणून सगळं गाव कान देऊन बसलं.

आऊनं माईक पुढं केला.

हौसा मागं सरली. "आऊ, सगळ्या गावाला? नगं. माळ घे, मी उतरून जाते. भावाकडं जाते. पण हे नगं."

आऊ हात पुढं करून तशीच उभी. हात मागं घेत नव्हती.

कडेला सुंदरा तोंडाला पदर लावून बघत होती. ओट्यावर दोन माळा पडल्या होत्या, एक नवी, एक झिजलेली, आणि अंधारात कोणती कुणाची ते कळत नव्हतं.

हौसानं माईक घेतला. तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

"आऊ… काय बोलू? कुठनं सुरू करू?"

भोंग्यातून तिचा श्वास साऱ्या गावावर पसरला.

आऊ काठी टेकत तिच्याजवळ आली. मंत्र देताना घेते तसा तिनं आपला पदर दोघींच्या डोक्यावरून घेतला, हौसाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली,

"त्यानं तुला काय म्हटलं, तिथनं."