भिंतीच्या पलीकडचा हात

एकदा एक वस्ताद होता आणि त्याचा एक चेला होता. वस्ताद ज्ञानी आहे, असे सगळे म्हणत. चेल्याला मात्र तीन वर्षांत त्याचा पुरावा मिळाला नव्हता.

चेल्याचे नाव दौलत. वय चोवीस. अभियांत्रिकीची पदविका दुसऱ्या वर्षाला सोडून आलेला. वर्गात जे शिकवतात ते इमारतीवर लागत नाही आणि इमारतीवर जे लागते ते वर्गात शिकवत नाहीत, असे तो तोंडावर बोलायचा. बांधकामावर आला तेव्हा त्याला एकच गोष्ट हवी होती. हॅमर मशीन. काँक्रीट आणि दगड भेदणारे, आठ किलोंचे, हातभर लांब बीटाचे, म्हणजे पोलादी टोकाचे, भोक पाडायचे यंत्र. ते पहिल्यांदा हातात धरले तेव्हा मनगटापासून दाढांपर्यंत सगळी हाडे थरथरली होती, आणि त्याला वाटले होते, आपण कुणीतरी आहोत.

पण तीन वर्षे झाली तरी मशीन वस्तादाच्या नावावर आणि दौलत 'हेल्पर'. भोके दौलतच पाडायचा, पण वस्ताद सांगेल तेव्हा, सांगेल तेवढी. प्रत्येक कामाच्या शेवटी ठेकेदार विचारायचा, "काय वस्ताद, झाला का हा तयार?" आणि म्हातारा मान हलवायचा, "अजून नाही." का नाही, ते कधीच सांगायचा नाही. म्हाताऱ्या माणसांना न सांगण्यात मोठी गंमत वाटते. त्यांना वाटते, गप्प राहिले की आपोआप खोल दिसते.

त्या वर्षी काम निघाले एका प्रसूतिगृहाचे. इमारत जुनी, दगडविटांची, चुन्यात बांधलेली. सामानाची खोली आणि बाळंतिणींचा कक्ष यांच्यामध्ये एक जाडजूड भिंत, आणि तिच्यातून प्राणवायूच्या नळ्या व विजेच्या तारा न्यायच्या म्हणून एकोणीस भोके पाडायची. कक्ष रिकामा करणे शक्य नव्हते, बाराच्या बारा खाटा भरलेल्या. म्हणून खाटा भिंतीपासून हातभर ओढून घेतल्या होत्या.

ठेकेदार दौलतला बाजूला घेऊन म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी मी येतो. एकोणीसच्या एकोणीस आरपार दिसली पाहिजेत. दिसली तर मशीन तुझं. म्हातारा काय म्हणतो ते मी ऐकायचा नाही."

दौलतला त्या दिवशी जेवण गेले नाही.

आता वस्तादाची रीत ऐका. दोन बोटे रुंदीचे भोक पाडायला त्या मशीनला फार तर तीन-चार मिनिटे लागतात. पण वस्ताद मशीन चालू करू द्यायचा नाही. आधी तो सामानाच्या खोलीतून बाहेर पडायचा, चौकाला वळसा घालून, पायऱ्या चढून, चपला काढून कक्षात जायचा आणि पलीकडून भिंतीवर तीन टिचक्या मारायचा. मग दौलतने सुरू करायचे. म्हातारा तिकडे भिंतीला पंजा लावून उभा. मध्येच वरच्या झरोक्यातून आवाज यायचा, "बास!" की मशीन बंद. मग दौलतने आठ किलोंचे धूड उचलून, तोच वळसा घालून, पलीकडे जायचे आणि उरलेली चार बोटे तिकडून पाडायची. एका भोकाला पाऊण तास. त्यात बाळांना पाजायच्या वेळी कक्षातल्या सिस्टर काम बंद ठेवायला लावायच्या, म्हणून दिवसाला तीन-चारच भोके व्हायची.

नळजोडणीवाले हसायचे. रंगारी तर रोज विचारायचा, "दौलतराव, वस्ताद कुठं दिसत नाहीत?"

"गेलेत पलीकडं."

"भिंतीची नाडी बघायला? मग आज काय निघालं, पित्त की वात?"

दौलत हसायचा नाही. त्याच्या हिशेबात फक्त शनिवार होता. शुक्रवारी दुपारपर्यंत नऊच भोके झाली होती. त्याने वस्तादाला सांगून पाहिले, "मशीनला खोली मापायचा गज आहे. आपण माप लावू, एकाच बाजूनं काम होईल."

"जुनी भिंत हाय. इथं चौदा इंच, तिथं अकरा. गजाला काय कळतंय?"

"मग तुम्हाला काय कळतंय?"

"गप. सांगतो तेवढं कर."

आणि म्हातारा वळसा घालायला निघाला. दहावे भोक.

दौलतने त्याची पाठमोरी आकृती चौकात वळताना पाहिली. सावकाश, गुडघा धरून चाललेली. तेवढ्या वेळात मी अर्धी भिंत खाईन, असे तो स्वतःशी पुटपुटला. आणि त्याने टिचक्यांची वाट न पाहता मशीन चालू केले.

लाल धूळ उडाली, चुना उडाला. बीट सरळ आत चालले होते. मशीनवर जोर द्यायचा नसतो, हे दौलतला माहीत होते. मशीन आपल्या ठोक्याने जाते, आपण फक्त धरायचे. पण त्याने मुठीमागे छाती लावली, तिच्यावर तीन वर्षांचा जोर दिला. तेव्हा झरोक्यातून आवाज आला.

"बास!"

मग पुन्हा, वेगळ्याच आवाजात, "दौलत, बास!"

त्याने ऐकले होते. मशीनच्या आवाजात ऐकू आले नाही, असे तो सांगू शकला असता, आणि कुणीही त्यावर विश्वास ठेवला असता. पण त्याने ऐकले होते, आणि तो मनात म्हणाला होता, आता दोनच बोटे राहिलीत. त्याने बोट चापावरून काढले नाही. मग समोरचा विरोध एकदम संपला, बीट पुढे झेपावले, आणि पलीकडून एक बाई किंचाळली.

तो मशीन टाकून धावला. चौक, पायऱ्या, चपलांसकट कक्षात.

वस्ताद भिंतीला चिकटून उभा होता. दोन्ही पंजे भिंतीवर सपाट, कपाळही भिंतीला टेकलेले. त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यातून बीटाचे टोक बाहेर आले होते आणि मनगटावरून रक्त कोपरापर्यंत ओघळत होते. त्याच्या पंजांखाली परातीएवढा गिलाव्याचा पोपडा भिंतीपासून सुटून लोंबत होता. आणि त्या पोपड्याच्या बरोबर खाली खाट होती. खिडकीतली उन्हे चुकवायला कुणीतरी ती पुन्हा भिंतीला लावून घेतली होती. खाटेवर आदल्या रात्री बाळंत झालेली बाई अर्धवट उठून बसली होती. तिच्या उशीशेजारी मूल झोपले होते. त्याच्या कपाळावर चुन्याची भुकटी पडली होती, पण ते जागे झाले नव्हते.

"पोर काढा आधी," म्हातारा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "मग खाट. सावकाश."

सिस्टर धावल्या. मूल उचलले, खाट ओढली. मग दौलतने खालून हात लावून पोपडा उतरवला. सहा-सात किलो तरी भरला असता. तेव्हा कुठे म्हाताऱ्याने पंजे काढले.

सिस्टरांनी टाके घातले तीन. घालता घालता त्या दौलतला असे काही बोलल्या, की ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण एकही शब्द चुकीचा नव्हता.

नंतर दोघे चौकातल्या पिंपाशेजारी बसले. दौलत पेलाभर पाणी प्यायला. मग तो म्हणाला, "हात काढला असता तुम्ही, तर..."

"तर पोपडा खाली."

"आणि बीट दोन सूत इकडं आलं असतं, तर हात गेला असता तुमचा."

"व्हय."

म्हाताऱ्याने हाताची पट्टी घट्ट केली. मग त्याने बोलायला सुरुवात केली. तीन वर्षांत तो एवढे सलग कधी बोलला नव्हता.

"आमच्या टायमाला एका भोकाला दोन माणसं असायची. अलीकडं मी, छिन्नी-हातोडा घेऊन. पलीकडं रखमाजी. तो काही करायचा न्हाई, नुसता हात लावून उभा. लोक म्हणायचे, हा फुकट खातो. पण सगळं त्याच्या हाताला कळायचं. भिंत आधी थंड लागती. मग मुंग्या आल्यागत होतं. मग पापडाला हात लावल्यागत. तवा तो म्हणायचा, बास. मी छिन्नी खाली ठेवायचो, तो त्याची उचलायचा. दीस मावळता भोक पडायचं. पडलं की पहिल्यांदा त्यातनं रखमाजीचा डोळा दिसायचा. हसायचा डोळ्यानंच. मग तो तिकडनं चिमूटभर तंबाखू सरकवायचा, मी हिकडनं चुना. अशी बावीस वरसं काढली, लेका. त्याचं तोंड मी जेवढं समोरून बघितलं नसंल, तेवढं भिंतीतनं बघितलं."

त्याने गुडघा चोळला. चौकात कबुतरे दाणे टिपत होती.

"मग मशीन आलं. ठेकेदार म्हणाला, चार मिनिटांचं काम, दुसरा गडी कशाला? रखमाजी घरी बसला. मशीन वाईट न्हाई, दौलत. माझे खांदे त्यानंच वाचवले. पण एक ध्यानात ठेव. भोक पाडणाऱ्याला आपण किती आत गेलो, ते कळतं. भिंत किती उरली, ते त्याला कधीच कळत न्हाई. ते पलीकडं हात लावून उभा असतो, त्यालाच कळतं. म्हणून मी जातो."

अशा कथांत इथे चेला वाकून पाया पडतो. दौलत पाया पडला नाही. तो लाजेने अर्धमेला झाला होता, आणि तरीही त्याच्या आत काहीतरी उसळून वर आले.

"हे तीन वर्षांपूर्वी का सांगितलं नाहीत?"

"मला कुणी सांगितलं व्हतं? माझ्या वस्तादानं कानफटात मारून शिकवलं."

"म्हणून मीही तसंच शिकायचं? चूक माझी. आज जे झालं ते माझ्या हातानं झालं, मी 'बास' ऐकलं होतं, हे मी ठेकेदारालाही सांगणार आहे. पण वस्ताद, तीन वर्षं तुम्ही माझ्यावर मशीन चालवताय. गप. बास. अजून नाही. दाबताय नुसते. हा पोरगा किती उरलाय, हे कधी पलीकडं येऊन हात लावून बघितलंत?"

ज्ञानी माणसांना अशा वेळी काहीतरी गूढ वचन सुचते. म्हाताऱ्याला सुचले नाही. त्याने डोळे मिचकावले, नाक पुसले आणि म्हणाला,

"न्हाई. ते राहिलंच."

वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून चुकीची अशी कबुली दौलतने जन्मात पहिल्यांदा ऐकली. घरी ऐकली नव्हती, वर्गात ऐकली नव्हती. त्याने पेला भरून म्हाताऱ्याला दिला.

शनिवारी सकाळी वस्ताद पट्टी बांधलेल्या हाताने आला आणि त्याने मशीन उचलले.

"तू जा पलीकडं."

"मी?"

"तूच. खाटा बघ. मग टिचक्या मार. आणि मी रोज वरडतो तसंच, तुला वाटंल तवा बास म्हण."

दौलत वळसा घालून गेला. चपला काढल्या. खाली कुणी नाही, हे दोनदा पाहिले. सिस्टर दारात हाताची घडी घालून उभ्याच होत्या. त्याने तीन टिचक्या मारल्या आणि भिंतीला पंजा लावला.

आधी थंड. बराच वेळ काहीच नाही, फक्त दूरवर कुणीतरी दळण दळतेय असा आवाज. मग तळहातात मुंग्या. मग त्या मुंग्या एका ठिकाणी गोळा झाल्या, आणि तेवढीच जागा बाकीच्या भिंतीपासून वेगळी झाली, पातळ, कुरकुरीत, जिवंत. त्याच्या हाताच्या आणि लोखंडाच्या मध्ये आता फार काही उरलेले नव्हते. भीतीने हात मागे घ्यावासा वाटला, तरी त्याने तो तिथेच ठेवला. एवढी वर्षे म्हातारा ही भीती हातावर घेऊन उभा होता.

"बास!"

आणि मशीन थांबले. 'बास'चा स विरायच्या आत थांबले. एक ठोकासुद्धा जास्त पडला नाही. दौलत भिंतीला हात लावून तसाच उभा राहिला. त्याचा शब्द इतक्या ताबडतोब आजवर कुणीही ऐकला नव्हता.

संध्याकाळी ठेकेदार आला तेव्हा तेरा भोके झाली होती. दौलतने त्याला शुक्रवारचे सगळे, काही न गाळता सांगितले. ठेकेदाराने सवयीने वस्तादाकडे पाहिले. "मग? झाला का हा तयार?"

"माझ्याजवळ उभा हाय," म्हातारा म्हणाला. "त्यालाच इचारा."

दौलत म्हणाला, "सहा राहिलीत. सोमवार-मंगळवारी होतील. मशीन मी घेतो, पण दोन माणसं लागतील."

"एका मशीनला दोन माणसं?"

"भिंतीला बाजू दोन आहेत."

ठेकेदार काहीतरी वाईट बोलला, दाराशी उभ्या सिस्टरांकडे बघून अर्धे गिळले, आणि म्हणाला, "घे बाबा. पण मंगळवारच्या पुढं एक दिवस नाही."

पुढे चार वर्षे वस्ताद दौलतच्या पलीकडे उभा राहिला. मग गुडघ्यांनी साथ सोडली, आणि एके दिवशी म्हाताराही गेला. आता दौलतकडे पाच मशीने आहेत. शिकायला आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी मशीन देत नाही, पलीकडे उभे करतो. आणि का उभे करतो, ते त्याच दिवशी, सगळे, सविस्तर सांगतो. तेवढे त्याने म्हाताऱ्याचे सुधारून घेतले आहे. भोक आरपार झाले की भुकटी फुंकून तो त्यातून पाहतो. पलीकडे घामेजलेला, घाबरलेला, नवा डोळा असतो, आणि तो डोळा हसेपर्यंत दौलत तिथून हलत नाही.

ज्यांच्या हातात जोर आहे, त्यांनी एकदा तरी वळसा घालून पलीकडे जाऊन यावे. त्यात म्हातारेही आले.