भागीआजीचा खडप

“आजी, दुसरी एखादी जागा दाखवाल का?”

भागीआजी कालवं फोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

“इथं काही राहिलं नाही आता,” विश्वजित म्हणाला. “पहाटेपासून बसलोय. मासा नाही की काही नाही. नुसती गर्दी.”

कोयतीचा घाव पडला. कालव उघडलं.

विश्वजित इंगवले कोल्हापूरचा. स्वतःचं वर्कशॉप, आणि समुद्रावर गळ टाकायचा नाद. चार वर्षांपूर्वी तो मालवणच्या खाली या गावात पहिल्यांदा आला, तेव्हा हातात परदेशी रॉड असूनही त्याला बोटभर मासा मिळाला नव्हता. आणि शेजारी, समुद्रात घुसलेल्या या काळ्या खडपावर बसून, भागीरथी कुबल नावाची म्हातारी साध्या दोरीला गरी बांधून हातभर लांब तांबोशी मासे ओढत होती.

तो तिच्याजवळ जाऊन बसला. दोन वर्षं, सुट्टी मिळेल तेव्हा, बसत राहिला. भरती आधी कुठल्या कपारीत शिरते, पाण्याचा रंग कसा झाला की मासा काठाला येतो, हे तिने त्याला फारसं न बोलताच शिकवलं.

मग त्याने खडपाचा व्हिडिओ केला. नकाशासकट. चार लाख लोकांनी पाहिला. लोक त्याला ‘सर’ म्हणू लागले.

आता शनिवारी गावात चाळीस गाड्या येतात.

“या टिनपाट पोरांनी वाटोळं केलं सगळं,” तो तणतणला. “दोरा तुटला की तिथंच टाकून जातात. पावसाळ्यात मासळी गाभोळीनं भरलेली असते, तेव्हासुद्धा येतात!”

“तेवां आमच्यो होड्यो वर ओढलेल्यो असतत.”

“तेच म्हणतोय मी!”

“त्यांका हय कोणी आणलां?”

“मी मासा सोडून देतो, आजी. फोटो काढला की लगेच पाण्यात. सगळ्यांना तेच शिकवलंय.”

“सोडलेले मरान, उलटे होवन हयच काठाक लागतत. कावळे खातत.”

विश्वजितचा आवाज चढला. “आणि गावाला काहीच मिळालं नाही? तुमच्या पुतण्यानं चार खोल्या बांधल्या. दर शनिवारी भरलेल्या असतात. कुणामुळे?”

“भरतत,” आजी म्हणाली. “पावण्यांका ताटात मासो व्हयो. त्येची बायल मासो बाजारातसून इकत आणता.”

त्याला संताप आला. पाच तास गाडी हाकून तो बोलणी खायला आला नव्हता. त्याने दुसरीकडे पाहिलं. आजीच्या बाजूचा सपाट दगड रिकामा होता. तिथे तिची जाऊ बसायची. दोघी बरोबर कालवं काढायच्या, कचाकचा भांडायच्या आणि एकाच डब्यातली भाकरी खायच्या.

“शेवंतीआजी कुठं आहेत?”

कोयती थांबली.

“हॉस्पिटलात. गेल्या आयतवारी तुमचो तुटलेलो दोरो तिच्या पायात गुतलो. हयसून खाली पडली. खुबो मोडलो.”

“मला... मला कुणी सांगितलं नाही.”

आजी उठली. वाकून तिने खडकाच्या फटीतून नायलॉनचा एक गुंता खेचून काढला आणि त्याच्या मांडीवर आदळला.

“टोक काढ.”

त्याने सुरुवात केली. एक फास सोडवला की दुसरा आवळत होता. आत शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, पाणकावळ्याचं एक पीस. टोक काही हाताला लागेना. तेवढ्यात आत अडकलेला कुणाचा तरी गळ त्याच्या बोटात शिरला. तो ओरडला.

आजीने रक्त पाहिलं. ती पुन्हा कालवं फोडायला बसली.

त्याने बोट दाबून धरलं. मग त्याने फोन काढला. व्हिडिओ उघडला. चार लाखांचा आकडा समोर होता. त्याचं सगळं नाव त्या आकड्यावर उभं होतं. ‘डिलीट’वर नेलेला अंगठा दोनदा वर उचलला गेला. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले आणि दाबला.

त्याला हलकं वाटलं. आजीने आता पाठीवर हात ठेवावा, इतकं मोठं काहीतरी आपण केलंय, असंही वाटलं. त्याने कोरा स्क्रीन तिच्यासमोर धरला.

“पुसला, आजी. कायमचा. आता ही जागा कुणाला कळणार नाही.”

आजीने स्क्रीनकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तिच्या डोळ्यांतला जाळ जराही कमी झाला नव्हता.

“पुसलंस?”

“पुसला.”

“मग आता खाली पाण्यात उतर,” ती म्हणाली, “आणि माशांका सांगान ये.”