आचाऱ्याच्या घरचे लग्न

राजाच्या मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, त्र्यंबक नावाचा आचारी चाकरीला होता. त्याच्या हातची जिलबी खाल्ली की पाहुणे मुक्काम वाढवत. पगार बेताचा, पण बारमाही. सणाला धोतरजोडी मिळे आणि आजारपणात राजाचा वैद्य येई.

एका लग्नसराईत त्र्यंबकाने मक्त्याने स्वयंपाक करणारे आचारी पाहिले. चार लग्नांत ते त्याच्या वर्षभराएवढे कमावत होते.

"आणि चवीचं म्हणशील तर माझ्या पासंगालाही पुरत नाहीत!" तो बायकोला म्हणाला.

उमाबाई म्हणाली, "चातुर्मासात लग्नं नसतात. तेव्हा काय खायचं?"

"साठवलेलं खायचं!"

हिशेब काही खोटा नव्हता. रिकामे महिने, दुखणीखुपणी, पैसे बुडवणारी गिऱ्हाइके, सगळे त्याने जोखले आणि मगच चाकरी सोडली.

खरे सांगायचे तर त्याचे चांगले चालले. घरावर कौले चढली, उमाबाईच्या हातात पाटल्या आल्या. लोक भटजींच्या आधी त्र्यंबकाला तारीख विचारू लागले. उगाच त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पुढे एका वर्षी त्याने नदीपलीकडच्या देशमुखांकडून लग्नाचा विसार घेतला. सराईतला तो शेवटचा मुहूर्त. त्यानंतर अचानक त्याच्या एकुलत्या एका मुलीचे, कृष्णीचे, लग्न जमले. मुलाकडचे कार्तिकापर्यंत थांबायला तयार नव्हते. तारीख निघाली, तीही नेमकी तीच.

त्र्यंबकाने आपल्या जागी दुसरा आचारी शोधून पाहिला. त्या दिवशी एकही मोकळा नव्हता. मग तो देशमुखांपुढे हात जोडून उभा राहिला. "माझ्या मुलीचं लग्न आहे. मला मोकळं करा."

"विसार परत द्या आणि खुशाल जा," देशमुख म्हणाले. "पण आचारी, लग्न माझ्याही मुलीचंच आहे. पुन्हा या गावात तुम्हाला कोण बोलावील, ते बघा."

म्हणजे त्याला कोणी बांधून ठेवले नव्हते. नाही म्हणायचे ते त्यानेच. पण एकदा नाव गेले की पुढच्या वर्षी चूल कशी पेटणार, ही धास्ती त्याच्या मनात बसली.

"कन्यादान धाकटा भाऊ करील," तो घरी म्हणाला.

कृष्णीने विचारले, "बाबा, मी निघायच्या आत तरी याल ना?"

"येतो गं पोरी, येतो."

देशमुखांकडे जिलबीची वाहवा झाली. मांडवातून मंगलाष्टका ऐकू आल्या, तेव्हा त्र्यंबकाच्या हातातला झारा थांबला आणि कढईतला घाणा करपला. तो काढून टाकून त्याने नवा घातला. करतो काय! पंगतींवर पंगती बसत होत्या. शेवटची उठेपर्यंत दिवस कलला. तो नदी ओलांडून धावत सुटला. घरी पोचला तर मांडव रिकामा.

"निघाली?"

"निघाली," उमाबाई म्हणाली. "वऱ्हाड खोळंबलं होतं. किती वेळ धरून ठेवणार मी? वेशीपर्यंत मागे वळून बघत होती हो पोर!"

त्र्यंबक बोहल्यापाशी मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. राजाच्या पदरी असता, तर त्याने रजा मागितली असती आणि राजाने हसत दिली असती. आता रजा देणारा तो स्वतःच होता आणि त्याने ती दिली नाही. अरेरे! पुढे त्याने लग्ने पुष्कळ केली, पैसाही मिळवला. पण कृष्णीचे लग्न एकदाच होते आणि ते होऊन गेले.

तात्पर्य: चाकरी सोडून स्वतःचा मालक होणाऱ्याने मिळकत आणि धोका तर जोखावाच, पण कोणत्या दिवशी आपण कामाला नाही म्हणणार, हेही आधीच ठरवून ठेवावे.