नाडीला अडकवलेलं यंत्र

मिरजेच्या मैदानावर पहाटे फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं, आणि त्या मंडळाचे अध्यक्ष होते निवृत्त तहसीलदार ढवळीकरसाहेब. कोल्हापूरच्या ज्येष्ठांच्या शर्यतीला कोण जाणार, हे तेच रोजच्या पावलांवरून ठरवत. यंदा त्यांनी फर्मान काढलं, "माझ्यासारखं अठरा हजारांचं मनगटी घड्याळ ज्याच्याकडे असेल, त्याचीच पावलं धरली जातील."

निवृत्त पोस्टमन गणूतात्या शेवाळ्यांची पंचाईत झाली. जन्मभर पायी टपाल वाटलं, आता एकदा तरी शर्यतीत पळायचं होतं. आणि त्यांचं पावलं मोजायचं यंत्र तीनशे रुपयांचं, विजारीच्या नाडीला अडकवलेलं!

"खेळणं आहे ते, तात्या!" साहेब हसले.

"असेल, साहेब. पण महागाचे गुण आम्हाला जरा बसून नीट समजावून सांगा. त्याआधी दोघांचे आकडे शून्यावर आणू."

साहेबांना भाषण म्हणजे पंगतीचं जेवण. खुर्चीत बसून ते अर्धा तास बोलले, आणि हात तर असे फिरवले की शेजारच्याचा चहा दोनदा सांडला.

मग तात्यांनी सगळ्यांसमोर आकडे वाचायला लावले. नाडीवर शून्य. मनगटावर सहाशे बारा.

"मंडळी, घड्याळ साहेबांचंच घ्या," तात्या हात जोडून म्हणाले. "घरी बसून भाषण ठोकलं की दहा हजार पावलं सहज होतात. माझं यंत्र फार चिक्कू, चालल्याशिवाय एक पाऊल देत नाही."

मंडळी पोट धरून हसली. साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले. शर्यतीच्या यादीत तात्यांचं नाव लिहायला मात्र त्यांना एक हात बाहेर काढावाच लागला.