सगुणाची भांडी

ठोकेवाडी नावाच्या गावात एक तांबट राहायचा. त्याच्या जोडीला त्याची तांबटीण राहायची, आणि दोघांच्या जोडीला उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ठाक-ठाक, ठाक-ठाक.

तांबट फिरकीचे तांबे करायचा. प्रवासाला नेतात ते, पिळाच्या झाकणाचे. झाकण फिरवून घट्ट बसवलं की बैल उधळले तरी थेंब सांडायचा नाही. दूर निघालेली माणसं आधी त्याच्याकडे येऊन तांब्या घ्यायची आणि परतताना पोचे काढायला यायची. पोचे निघेपर्यंत ती सांगत बसायची. कुणी सांगायचं, डोंगरातून दुधासारखं पाणी खाली पडतं. कुणी सांगायचं, समुद्र म्हणजे एवढं पाणी की पलीकडचा काठच नाही, आणि कुणी ढवळत नाही तरी ते हलतंच. ठोकून ठोकून तांबटाचे कान मंद झाले होते, पण असलं काही निघालं की तो हातोडी खाली ठेवून डोकं पुढं करायचा. स्वतःसाठीही त्यानं एक तांब्या केला होता. तो फळीवर होता. वर्षानुवर्षं कोरडाच.

या दोघांना एकच लेक झाली. तिचं नाव सगुणा. लेक झाली त्या आनंदात तांबटानं छोटी छिन्नी घेतली आणि घरातल्या हंड्यापासून वाटीपर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव घातलं, सगुणा. तांबटीण म्हणाली, झारा तेवढा राहिला. त्यानं झाऱ्यावरही घातलं.

लेक मोठी झाली, लग्न झालं. रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, जानकी. सासरी सगळे तिला जानकी म्हणू लागले. सासर चांगलं होतं, पण सगुणा ही हाक तिला माहेरी आली तरच ऐकू यायची. दिवाळीला बाप न्यायला यायचा, आणि उंबऱ्यावर पाय ठेवला की जानकीची सगुणा व्हायची.

पुढं तांबटाचे हात थकले. ठाक-ठाक थांबली. घर मोठं आणि माणसं दोन. तांबटीण पुढच्या खोलीपासून केर काढत मागच्या खोलीत पोचायची, तोवर पुढच्या खोलीत पुन्हा धूळ बसलेली असायची. एका सकाळी तिनं केरसुणी कोपऱ्यात उभी केली. फळीवरचा तो कोरडा तांब्या काढला, घासला, पाण्यानं भरला, झाकण फिरवलं आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

तांबटानं तांब्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. त्याला काही ऐकू यायची गरजच पडली नाही.

त्या दिवसापासून दोघं लहान झाली म्हणा ना. घर विकायचं, बैलगाडी घ्यायची आणि हातपाय चालतील तोवर हिंडायचं. आधी समुद्र बघायचा की आधी डोंगरातलं पाणी, यावरून जेवताना भांडण व्हायचं. तांबटानं गाडीला वेताचं छप्पर घातलं, आत बाज बांधली, कंदिलाला आकडा लावला. तांबटीण रोज गाडीत चढून बसून बघायची, आणि उतरताना उगाच हसायची. गावाला हा तमाशाच झाला. शेजारची भागाकाकू म्हणाली, बाई, लोकांचे पाय म्हातारपणी दुखतात, तुम्हाला नवे फुटले की काय.

घराला गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. एक विणकर होता. एका खोलीत बायको, पोरं आणि माग. माग चालला की पोरांनी बाहेर बसायचं आणि पोरं आत आली की माग थांबायचा. त्याच्या बायकोनं मोठं घर बघितलं आणि ती भिंतीवरून हातच फिरवत राहिली. तिथंच शब्द दिला घेतला गेला.

ही बातमी सगुणाला लागली. ती धावत आली. भांडली नाही, रडली नाही. पायरीवरच बसली आणि बापाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "बाबा, घर तुमचं, खुशाल विका. पण माझं माहेर कुणाला विकलंत तेवढं सांगा. मला सगुणा म्हणणारं दार आता कुठं शोधू?"

तांबट खाली बघू लागला. तांबटिणीनं लेकीला जवळ घेतलं, समजूत घातली, तुझं माहेर आम्ही बरोबर नेतो म्हणाली. लेक म्हणाली, माहेर काय गाडीत बसतं? आणि पाणीही न पिता निघून गेली.

आता बघा, आईचं मन. निघायच्या दिवशी तिनं काय केलं, तर सगुणाचं नाव असलेलं एकूण एक भांडं गाडीत चढवलं. हंडे, घंगाळ, परात, कळशा, पातेली, गडवे, झारासुद्धा. नवरा म्हणाला, अगं, आपण दोघंच आहोत, पंगत नाही. ती म्हणाली, ही भांडी म्हणजे लेकीचं माहेर, एक वाटी मागं राहणार नाही. बाज सोडून छपरावर बांधली तेव्हा कुठं परात मावली.

गाडी निघाली. अशी खणखणत निघाली की देवळातली घंटा कुणाला ऐकू आली नाही. सगळं गाव दारात. एकट्या तांबटाला मात्र गाडी फार छान चालली आहे असं वाटत होतं, कारण त्याला काही ऐकूच येत नव्हतं. वेशीबाहेरच्या ओढ्यात चाक उतरलं आणि कडाड्‌कन आस मोडला. गाडी एका बाजूला बसली. हंडे गडगडत पाण्यात गेले.

भागाकाकू सगळ्यांच्या आधी पोचली. झाला का समुद्र बघून, म्हणाली. पण बोलता बोलता पदर खोचून हंडे गोळा करायलाही लागली.

मागून विणकर पळत आला. भला माणूस. म्हणाला, "आजी, माग अजून मांडलेला नाही. जीव अडकला असेल तर परत या. मी माझ्या खोलीत जातो."

तांबट बायकोकडं बघत राहिला. तू म्हणशील तसं, एवढंच म्हणाला. पुढं वाट होती, मागं घर होतं आणि ओढ्यात लेकीचं माहेर भिजत पडलं होतं.

तेवढ्यात काठावरच्या सुताराची बायको भाकरी आणि पिठलं घेऊन आली. आस बसवायला वेळ लागेल, तोवर खाऊन घ्या म्हणाली. पिठलं फुटक्या मडक्याच्या खापरात होतं. तांबटिणीनं ते आपल्या गडव्यात काढून घेतलं, दोघांनी खाल्लं, गडवा विसळला. मग ती थांबली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपली रीत. पण हिच्या खापरात घालायला आपल्याकडं आहे काय? आहे ते सगळं तांबं-पितळ.

तिनं गडव्यावरून बोट फिरवलं. नाव बोटाला लागलं. ती उठली, आणि तो गडवा सुतारणीच्या हातात दिला.

"हा सगुणाचा गडवा. सगुणा माझी लेक. कधी या वाटेनं आली तर तिला नावानं हाक मार, आणि यातलं पाणी दे."

मग विणकराकडं वळली. घर तुझंच, म्हणाली. फक्त ही वाटी तेवढी कोनाड्यात ठेव. लेक याच वाटीत दूधभात खायची.

आस बसला, गाडी निघाली. पुढच्या गावात मुक्काम पडला तिथं कळशी राहिली. त्याच्या पुढच्या गावात एका बाळंतिणीच्या घरी घंगाळ राहिलं. ज्या घरी भाकरी मिळाली, निजायला ओटी मिळाली, तिथं एक भांडं आणि सांगणं एकच, सगुणा माझी लेक, आली तर हाक मार. एकेक भांडं उतरलं तशी गाडी हलकी झाली. बाज पुन्हा आत आली. बैल दुडक्या चालीनं धावू लागले. तांबटीण जागोजागची गाणी शिकली. तांबट वाटेत लोकांचे पोचे काढून द्यायचा आणि आता गोष्टी त्याच्याकडं असायच्या. डोंगरातलं दुधासारखं पाणी त्यांनी बघितलं, दोघं त्याच्याखाली जाऊन भिजलीसुद्धा. आणि एके दिवशी समुद्र दिसला. तांबट किती तरी वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "अगं, हा मला ऐकू येतोय."

दिवाळी जवळ आली. बांगड्या विकणाऱ्या एका कासाराबरोबर त्यांनी लेकीला निरोप धाडला, समुद्राकाठी आहोत, न्यायला यायला लांब पडतं, तूच ये. सगुणाला राग आला. पण नवरा म्हणाला, चल, मी येतो. ती पोराला मांडीवर घेऊन गाडीत बसली. भेटायला नाही, भांडायला चालले आहे, असं सासूला सांगून निघाली.

वाट ठोकेवाडीवरून जात होती. जुनं घर दिसेल म्हणून तिनं पदर ओढून मान फिरवली. आतून मागाची खटखट ऐकू येत होती. तिनं गाडी थांबवली आणि दारातून कुणी तरी हाक मारली, "सगुणा आलीस का गं?"

विणकराची बायको. कासार येता येता वाटेवरच्या गावागावांत सांगत आला होता. हातात तीच वाटी, आणि वाटीत दूधभात, सगुणाच्या पोरासाठी. भांडं रिकामं कसं देणार? निघताना विणकरानं तिला नवं लुगडं दिलं. ओढ्यावर सुतारणीनं हाक मारली, गडव्यातून पाणी दिलं आणि पोराला लाकडी बैल दिला. पुढच्या गावी कळशीत गूळ भरून ठेवला होता. त्याच्या पुढं घंगाळात ऊन पाणी काढून तिला न्हाऊ घातलं, त्या बाळंतिणीच्या सासूनं स्वतः पाठ चोळली. जाईल तिथं सगुणा आली, सगुणा आली. बरोबरचा नवरा बिचारा जानकी म्हणायचंच विसरला.

समुद्राकाठी ती पोचली तेव्हा तिच्या गाडीत गूळ, लाडू, तूप, काकड्या, आणि कुणी तरी दिलेली एक कोंबडीसुद्धा होती. भांडायचं होतं, पण तोंडात लाडू होता. आईनं विचारलं, एवढ्या लांबची वाट सापडली कशी?

सगुणा म्हणाली, "विचारावी लागलीच नाही, आई. सगळी वाट मला नावानं ओळखते."

तांबटाला ते ऐकू गेलं नाही, पण लेकीचं तोंड बघून कळलं. त्यानं आपल्या तांब्याचं झाकण फिरवलं आणि नातवाला पाणी दिलं. ती दिवाळी वाळूत पणत्या लावून झाली. तेव्हापासून दर वर्षी कुठल्या न कुठल्या गावातून माणूस सगुणाला न्यायला येतो, आणि यंदा पाळी कुणाची यावरून गावागावांत गोड भांडणं होतात. एक माहेर होतं त्या लेकीला वाटभर माहेरं झाली.

तात्पर्य: घर विकून हलकं व्हावं, पण निघताना वाटेवर आपल्या माणसांची नावं ठेवत जावीत. हाक मारणारं कुणी असलं की तिथं आपला उंबरा असतोच.